धावणाऱ्या मुलीचे ताट

आषाढ सरत आला होता, गावाभोवतीच्या बांध्यांत रोवणीचे काम ऐन भरात आले होते, आणि कामठ्यातील आमच्या घराच्या पडवीत, चिखलाने माखलेल्या चपला पायरीखाली काढून ठेवून, एके काळी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी एक मुलगी हातात शंभर पानी वही घेऊन उभी होती. ती पोलीस भरतीची तयारी करीत होती. पहाटे चारला उठून गावाबाहेरच्या डांबरी रस्त्याने पाच किलोमीटर धावायचे, मग शाळेच्या पटांगणात बैठका मारायच्या आणि गोळा फेकायचा, हा तिचा क्रम मला ठाऊक होता, कारण अंगणात सडा टाकताना तिची आणि तिच्या दोघी मैत्रिणींची पावले मी रोज ऐकत असे. ‘‘बाई, हिशेब बरोबर आहे का तेवढं बघा,’’ म्हणून तिने वही माझ्यापुढे धरली. पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले होते: वजन ६२, पाहिजे ५५, मुदत दोन महिने. त्याखाली पट्टीने आखलेले रकाने होते. सकाळी बिनसाखरेचा चहा आणि मूठभर फुटाणे. दुपारी दोन पोळ्या व भाजी. संध्याकाळी एक केळे. रात्री एक वाटी वरण, एक पोळी, भात नाही. ‘भात नाही’ या दोन शब्दांखाली तिने दोन रेघा ओढल्या होत्या, आणि ज्या मुलीच्या घरची चूल, कपडेलत्ता आणि शाळेची फीसुद्धा पिढ्यानपिढ्या धानावर चालत आली, तिने भाताखाली अशा रेघा ओढाव्यात हे पाहून मला जे वाटले ते मी त्या वेळी बोलून दाखवले नाही. मी वही घेऊन बसले आणि बेरीज तपासू लागले.

हिशेब असा होता. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० उष्मांक, हे तिने कुठल्याशा भरतीच्या वर्गात ऐकले होते. सात किलोंचे झाले ५३,९००. ते साठ दिवसांत वाटले तर रोजचे ९००. मोबाइलवर पाहिलेल्या एका तक्त्यातून बाईमाणसाची रोजची गरज तिने १८०० धरली होती; १८०० वजा ९००, बाकी ९००. म्हणून ती रोज ९०० उष्मांकच खात होती. गुणाकार, भागाकार आणि वजाबाकी तिन्ही बिनचूक होते, हातचा कुठे विसरला नव्हता, आणि तीस वर्षे गणित शिकवलेल्या मला त्या पानावर लाल खूण करायला एकही जागा सापडली नाही. चूक होती ती हिशेबाच्या आधीच, मांडलेल्या दोन रकमांत: एक जमेची, म्हणजे शरीराला मुळात किती लागते ती, आणि दुसरी मुदतीची. या दोन रकमांविषयी मला आज सविस्तर लिहावयाचे आहे, कारण ही वही एका मुलीची असली तरी असे रकाने गोंदिया जिल्ह्यातल्या आणि सबंध विदर्भातल्या कितीतरी घरांत, कागदावर नसले तर मनात, आखलेले आहेत.

उष्मांक हा शब्द मराठी वाचकाला प्रथम कोणत्या निमित्ताने भेटला, याचे स्मरण येथे करून देणे मला आवश्यक वाटते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात दर माणशी रोज २२५० उष्मांक हा निर्वाहाचा मापदंड धरला होता, आणि एवढे अन्नही ज्याच्या खर्चात बसत नाही त्याला दरिद्री म्हणावे असे त्यांचे मांडणे होते. पुढे १९७९ साली नियोजन आयोगाच्या कृतिदलाने ग्रामीण भागासाठी २४०० व शहरी भागासाठी २१०० हे आकडे ठरवले, आणि त्यावरून गरिबांची मोजदाद होऊ लागली. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत अनेक वर्षे संख्याशास्त्राचा विभाग सांभाळलेले पां. वा. सुखात्मे यांनी या मोजदादीला हरकत घेतली. एकाच निरोगी माणसाची गरज रोज सारखी नसते, ती दिवसागणिक आणि आठवड्यागणिक वरखाली होत असते, आणि काही एका मर्यादेच्या आत शरीर आपला खर्च आपल्या मिळकतीशी जुळवून घेते. तेव्हा सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशीच आहे असे मानणे शास्त्राला धरून नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. दांडेकरांना ते मान्य झाले नाही. दोन मराठी विद्वानांचा हा वाद वर्षानुवर्षे चालला, आणि त्या वादाच्या मुळाशी जो प्रश्न होता तोच या मुलीच्या वहीत मला पुन्हा दिसला: शरीर जुळवून घेते हे खरे, पण ते कुठवर, आणि कशाच्या मोबदल्यात?

ज्या मुलखातील माणसे पन्नास वर्षांपूर्वी २४०० चा आकडा गाठू शकत नाहीत म्हणून सरकारी दप्तरात गरीब म्हणून नोंदली गेली, त्याच मुलखात त्यांची नात आज घरात धानाची पोती असताना स्वतःहून ९०० वर उतरते, आणि तिला कोणी अडवीत नाही, हे मला फार लागले.

प्रथम जमेची रक्कम पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी जे आकडे प्रसिद्ध केले त्यांत ५५ किलो वजनाच्या स्त्रीला बैठ्या कामासाठी १६६०, मध्यम श्रमासाठी २१३० आणि कठोर श्रमासाठी २७२० उष्मांक सांगितले आहेत. ६५ किलोच्या पुरुषाला अनुक्रमे २११०, २७१० व ३४७०. मोबाइलवरचा १८०० हा आकडा जिचा दिवस खुर्चीत जातो अशा शहरी स्त्रीच्या आसपासचा आहे. परंतु कामठ्याची मुलगी पहाटे धावून आल्यावर खुर्चीत बसत नाही. ती पाणी भरते, गोठ्यातील शेण काढते, आणि रोवणीचे दिवस असतील तर नऊ वाजता पऱ्ह्यांच्या जुड्या घेऊन बांधीत उतरते. गुडघाभर चिखलात कमरेत वाकून संध्याकाळपर्यंत रोवणी लावते. आणि या सगळ्याला ती व्यायाम म्हणत नाही, कारण हे काम तिच्या आईने आणि आजीने जन्मभर केले व त्याला कोणी कधी नाव दिले नाही. तिच्या वहीत धावण्याचे उष्मांक मांडलेले होते, रोवणीचे नव्हते. मी तिला विचारले तेव्हा ती गोंधळून म्हणाली, ‘‘बाई, ते तर घरचं काम आहे ना.’’ पाच किलोमीटर धावण्यास तिच्या वजनाला सुमारे ३१० उष्मांक लागतात, कारण सपाट रस्त्यावर एक किलोमीटर धावताना माणसाला आपल्या वजनाच्या दर किलोमागे साधारण एक उष्मांक खर्चावा लागतो. बैठका व गोळाफेक धरून व्यायामाचे ४०० समजू. पण दिवसभराची रोवणी याच्या दुपटीहून अधिक खाऊन जाते. माझ्या अदमासाने रोवणीच्या दिवसांत तिची गरज २४०० च्या खाली नसावी आणि एरवी २२०० च्या आसपास असावी. म्हणजे ज्या आकड्यातून ९०० वजा करावयाचे होते तो आकडाच ५०० नी कमी धरला गेला होता.

आता ९०० म्हणजे किती, हे समजण्यासाठी एक दाखला देते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, युरोपातील उपासमारीने खंगलेल्या लोकांना पुन्हा कसे सावरावे हे जाणून घेण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांना रोज सरासरी १५७० उष्मांक मिळत, आणि आठवड्याला २२ मैल चालावे लागे. सहा महिन्यांत त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. शरीराचा विश्रांतीतील खर्च सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. हातपाय थंड पडू लागले, चालताना पाय जड होऊ लागले, कशात मन लागेना, आणि जागेपणी व स्वप्नात अन्नावाचून दुसरा विषय उरला नाही. त्या प्रयोगाच्या ग्रंथाच्या नावातच उपासमार हा शब्द आहे. ते पुरुष होते आणि त्यांचे शरीर मोठे होते हे खरे. तरीही ज्या ताटाला शास्त्राने उपासमारीचे ताट म्हटले त्यातही या मुलीच्या ताटापेक्षा ६७० उष्मांक अधिक होते, आणि त्यांना बांधीत उतरावे लागत नव्हते.

व्यायाम करणाऱ्या देहाच्या बाबतीत याहून नेमके मोजमाप गेल्या काही दशकांत झाले आहे. दिवसभरात खाल्लेल्या उष्मांकांतून व्यायामाला खर्च झालेले वजा करावेत. जी बाकी उरते तिच्यावर हृदय, मेंदू, यकृत, हाडांची झीज भरून काढणे आणि स्त्रीचे मासिक चक्र या सर्वांचा निर्वाह चालतो. चरबी वगळून उरणाऱ्या देहाच्या दर किलोमागे ही बाकी ३० उष्मांकांच्या खाली गेली की तरुण स्त्रियांच्या शरीरातील अंतःस्रावांची घडी पाच दिवसांतच विस्कटू लागते, असे अॅन लाउक्स या अमेरिकन संशोधिकेच्या २००३ मधील प्रयोगात दिसून आले. ही मर्यादा स्त्रियांच्या प्रयोगांतून आलेली आहे आणि पुरुषांच्या बाबतीत ती तितकी रेखीव नाही. पण धोका दोघांनाही आहे, आणि २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्याला खेळाडूंचा स्वतंत्र विकार म्हणून मान्यता दिली. आमच्या मुलीचा चरबीविरहित देह सुमारे ४५ किलोंचा असावा. ९०० तून व्यायामाचे ४०० गेले, उरले ५००. ते ४५ किलोंत वाटले तर दर किलोला ११. तीसच्या जागी अकरा, आणि यात रोवणी धरलेलीच नाही.

याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. श्रावणात तिची धाव मंदावली. आठशे मीटरला लागणारा वेळ कमी होण्याऐवजी वाढू लागला, म्हणून तिने दुपारची एक पोळी आणखी कमी केली. दोन महिने तिला पाळी आली नव्हती, आणि ती गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती, उलट धावताना एक अडचण दूर झाली असे तिला वाटत होते. मग एके सकाळी नडगीच्या हाडावर बोट ठेवले तरी ती कळवळू लागली. पहाटेच्या तीन पावलांपैकी दोनच ऐकू येऊ लागली तेव्हा मी तिच्या घरी गेले. तिची आई चुलीपुढे बसली होती. मला पाहून म्हणाली, ‘‘काय करू जी बाई, ताटावर बसतच नाही. म्हणते, भूक नाही. पहाटे उठून धावणाऱ्या पोरीला भूक नाही, असं कुठं असते का जी?’’ त्या बाईला उष्मांक हा शब्द ठाऊक नव्हता, परंतु जे आम्ही सर्वांनी ओळखावयास हवे होते ते तिने ओळखले होते. आम्ही तिला गोंदियाला डॉक्टरांकडे नेले. हाडाला बारीक चीर पडण्याच्या बेताला होती. सहा आठवडे धावणे बंद.

मुलांचे काय होते हेही सांगितले पाहिजे, कारण हा केवळ मुलींचा प्रश्न नाही. आमच्याकडची मुले सैन्य, पोलीस, राज्य राखीव दल, वनरक्षक अशा तीन-चार भरत्यांची तयारी एकदम करतात. वनरक्षकाला चार तासांत पंचवीस किलोमीटर चालून दाखवावे लागते, पोलीस भरतीत पुरुषांना सोळाशे मीटर धावावे लागते, सैन्यात उंचीच्या प्रमाणात वजन पाहतात. पोलीस भरतीत उंची आणि छाती मोजतात. अमुक किलोंवर गेलात म्हणून घरी पाठवतात असे नाही. पण हलका माणूस वेगाने धावतो असे मैदानावर जो तो सांगतो, आणि ते काही अंशी खरेही असल्यामुळे, वजन उतरवणे हेच उद्दिष्ट होऊन बसते. ७४ किलोंचा तरुण रोज दहा किलोमीटर धावून १२०० वर राहतो. पहिल्या पंधरवड्यात काटा चार किलोंनी खाली येतो आणि त्याला वाटते की मार्ग सापडला. त्या चार किलोंत पाणी आणि स्नायूंत साठवलेले साखरेचे इंधन बरेच असते, पुढे स्नायूही जाऊ लागतात, आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती चरबी त्या मानाने थोडी जाते. ज्या स्नायूंनी गोळा फेकायचा तेच त्याने विकून खाल्लेले असतात. ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सर्वांत हलक्या वजनगटात लढून सहावे आले होते. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले ते त्याच्या वरच्या गटात. हलके असणे म्हणजेच समर्थ असणे अशी समजूत असणाऱ्या प्रत्येक मुलाला हे सांगावेसे वाटते.

तर मग खावे किती? जिला सात किलो खरोखरच कमी करायचे आहेत, आणि जी भरपूर व्यायाम करते, तिने आपल्या खऱ्या गरजेतून तीनशे, फार तर चारशे उष्मांक कमी करावेत. मुलाने चारशे ते पाचशे. म्हणजे आमच्या मुलीने १९०० च्या आसपास आणि ७४ किलोंच्या त्या तरुणाने २४०० च्या आसपास राहावे, आणि धावणे लांबले किंवा रोवणी लागली तर त्याहून वर जावे. तीसच्या मर्यादेने पाहिले तरी हेच आकडे येतात: तिचे ४५ गुणिले ३० म्हणजे १३५०, अधिक व्यायामाचे ४००, एकूण १७५०, ही तळाची रेघ, तिच्या खाली जावयाचे नाही. तीनशे उष्मांक कमी करण्यासाठी भात सोडावा लागत नाही. भाजीत एक पळी तेल कमी पडले तर सव्वाशे गेले. दिवसाच्या चार चहांतील निम्मी साखर गेली तर ऐंशी गेले. बसस्थानकावरचा आठवड्यातून तीनदा खाल्ला जाणारा समोसा गेला तर उरलेले गेले. जे काढायचे ते येथून काढावे.

आणि जे घालायचे ते म्हणजे प्रथिने. सामान्य माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. पण जो खाणे कमी करून व्यायाम वाढवतो त्याचे स्नायू राखायचे असतील तर हे प्रमाण सवा ते दीड ग्रॅमवर न्यावे लागते, म्हणजे तिला सुमारे ८० ते ९० ग्रॅम. डब्यातली महाग पावडर त्यासाठी लागत नाही. मी तिच्या आईबरोबर चुलीपाशी बसून, वाटी आणि दुकानातून मागून आणलेला तराजू घेऊन, दिवसाचे ताट मांडले. अडीचशे ग्रॅम तांदूळ, कच्चा तोललेला, त्यात ८९० उष्मांक आणि वीस ग्रॅम प्रथिने. ऐंशी ग्रॅम तुरीची डाळ, २६५ आणि सतरा. दोन अंडी, १४० आणि बारा. चाळीस ग्रॅम शेंगदाणे, २१० आणि दहा. तीन पेले भरून ताक नको, दीड पेला दूध किंवा दही, २०० आणि दहा. बोडीतला पाव किलो मासा आणला तर तिच्या वाट्याला शंभर ग्रॅम, १०० आणि अठरा. दोन चमचे तेल, ९०. भाजी हवी तितकी. बेरीज १९०० च्या घरात आणि प्रथिने ८७ ग्रॅम. ज्या दिवशी मासा नाही त्या दिवशी उकडलेले हरभरे किंवा सोयाबीनच्या वड्या. आमच्या भागात धानाच्या ओलीवर लाखोळी पेरतात आणि तिच्यात प्रथिने भरपूर असतात, हे तिच्या आईने सांगितले ते खरे आहे. परंतु लाखोळीच मुख्य अन्न म्हणून महिनोन्महिने खाल्ली तर पायांतील बळ जाते हे जुन्या लोकांनी पाहिले आहे, म्हणून रोजच्या वरणाला तूर, मूग किंवा हरभराच बरा. त्या ताटात भात सर्वांत मोठा होता. मुलगी बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली.

रोज तोलून खाण्याचा मात्र मी आग्रह धरला नाही, आणि येथे मी सुखात्म्यांच्या बाजूने आहे. १९५५ साली एडहोम व त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा ब्रिटिश लष्करी छात्रांचे खाणे व श्रम चौदा दिवस काटेकोरपणे मोजले, तेव्हा एखाद्या दिवशीच्या श्रमाचा त्याच दिवशीच्या खाण्याशी मेळ बसेना. पण पंधरवड्याच्या बेरजेत तो बसत होता. शरीराचे दप्तर रोजच्या रोज मिटत नाही. लग्नाच्या पंगतीत एखाद्या दिवशी जास्त जेवण झाले म्हणून दुसऱ्या दिवशी उपास करणे आणि तिसऱ्या दिवशी दहा किलोमीटर जास्त धावणे, ही शिक्षा आहे. आठवड्याचे सात दिवस एकत्र धरावेत. वजन आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच काट्यावर करावे. महिन्याला एक-दीड किलो उतरत असेल तर ते पुरेसे मानावे. आणि ७७०० चा भागाकार फार लांब ओढू नये, कारण वजन उतरू लागले की शरीर आपला खर्चही थोडा आवरते, म्हणून कागदावर सहा महिन्यांत येणारे सात किलो प्रत्यक्षात आठ महिने घेतात. जुळवून घेण्याची ही शक्ती म्हणजे शरीराची चांगली व्यवस्था आहे. पण ‘‘सवय होऊन जाते’’ असे म्हणून जे मार्गदर्शक मुलांना अर्धपोटी धाववतात ते त्या व्यवस्थेचा गैरफायदा घेतात, आणि तेथे मी दांडेकरांच्या बाजूने आहे. जुळवून घेण्याची किंमत कोणी तरी देत असते. येथे ती त्या मुलीच्या नडगीने दिली.

आता दुसरी रक्कम, मुदत. तीनशेच्या हिशेबाने सात किलोंना किमान १८० दिवस लागतात, आणि तिच्या वहीत दोन महिने होते. हे दोन महिने तिने कुठून आणले? तिने ते मनाने ठरवले नव्हते. भरतीची जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो. निघाली की अर्ज भरण्याची मुदत, मग पुढे ढकलण्याचे आदेश, आणि मग अचानक मैदानाची तारीख. २०२४ साली राज्यातील पोलीस भरतीच्या मैदानी चाचण्या १९ जूनला, म्हणजे ऐन मृगात, सुरू झाल्या, आणि पावसामुळे काही ठिकाणी पुढे ढकलाव्या लागल्या. ज्याला वर्षभर ठाऊक आहे की अमुक महिन्यात चाचणी आहे तो सहा महिने आधी शांतपणे तीनशे उष्मांक कमी करू शकतो. ज्याला ते आठ आठवडे आधी कळते त्याला नऊशे कमी करण्याचा मोह होणारच. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटर धावताना उमेदवार दगावले, त्यानंतर शासनाने अंतर कमी केले, ते योग्यच झाले. परंतु अंतर कमी केले तरी रात्रीच्या गाडीने येऊन पदपथावर झोपणारी आणि पहाटे रिकाम्या पोटी रांगेत उभी राहणारी मुले तशीच राहिली. माझी मागणी साधी आहे. मैदानी चाचणीचा महिना दर वर्षी ठरलेला असावा आणि तो रोवणीच्या हंगामात नसावा. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी व त्या सकाळी मैदानावर भात-वरण, केळी, चहा-बिस्किटे यांची तजवीज शासनाने करावी. आणि शुल्क घेऊन भरतीचे वर्ग चालवणाऱ्या प्रत्येकाला, मुलींची पाळी व हाडांचे दुखणे यांसह, आहाराची प्राथमिक माहिती असल्याशिवाय परवाना देऊ नये. राज्याला सशक्त शिपाई हवा असेल तर शिपाई होऊ पाहणारीला उपाशी ठेवणारी पद्धत त्याने चालू देता कामा नये.

घराविषयीही बोलले पाहिजे. आमच्याकडे अजून पुष्कळ घरांत बायका शेवटी जेवतात. बाप, भाऊ, आजोबा उठले की उरलेले अन्न आई आणि मुलगी वाटून घेतात, आणि मुलीने कमी खाल्ले तर कोणाच्या ध्यानातही येत नाही, कारण तिच्या ताटात किती पडले हे पाहायला कोणी तेथे बसलेलेच नसते. मुलगा धावून आला तर त्याच्यासाठी अंडे उकडले जाते. मुलगी धावून आली तर तिच्यापुढे झाडू असतो. हे मी कामठ्यात पाहिले, गोंदियात पाहिले, नागपुरात माझ्या नात्यातही पाहिले.

भाद्रपदापासून तिच्या घरी एक बदल झाला. पहाटेचे काम आटोपले की तिचे ताट पहिले वाढले जाऊ लागले, भावाच्या आधी; तिच्या आईने तसे ठरवले आणि कोणी काही बोलले तर ‘‘बाईंनी सांगितलंय’’ म्हणून ती माझे नाव पुढे करू लागली, ते मी आनंदाने करू दिले. सहा आठवडे पायाला विश्रांती दिल्यावर ती हळूहळू चालू लागली, मग धावू लागली. दिवाळीच्या आधी पाळी परत आली. धानकापणी आटोपून चुरणे सुरू झाले तेव्हा काट्यावर ५८ आले होते. परवा ती पुन्हा पडवीत आली, तीच वही घेऊन. पहिल्या पानावरील ‘मुदत दोन महिने’ खोडलेले होते आणि त्या जागी काहीच लिहिलेले नव्हते. मी विचारले, ‘‘मुदत किती लिहू?’’ ती म्हणाली, ‘‘राहू द्या, बाई. आईनं भात टाकलाय, आधी घरी जाते.’’